चौघांची ओ

पहिली तक्रार आली ती घराबाहेरून. सून घरूनच काम करायची, एका कुरिअर कंपनीच्या ग्राहक सेवेत. डोक्याला हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि दिवसभर लोकांच्या हरवलेल्या पार्सलांची रडगाणी. त्या दुपारी एक बाई पडदे भलत्याच रंगाचे आले म्हणून तिला फैलावर घेत होत्या. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, आधी तुमच्या मागे बसलेल्या त्या बाप्यांना गप्प करा, मग माझ्याशी बोला. एक मेला तर सारखा खोकतोय.

सुनेनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीपलीकडे सासऱ्यांचं दुकान, आणि दुकानात सासरे एकटेच.

सासरे सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचे. फाटलेलं रेक्झिन सोलून नवं कापड चढवायचं, कुरकुरणाऱ्या स्प्रिंगा बदलायच्या, बसून बसून खड्डा पडलेल्या बैठकीत काथ्या ठासायचा. कापड ताणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरतात. जिभेनं एकेक खिळा ओठांवर आणायचा, चुंबक लावलेल्या हातोडीनं टिपायचा आणि ठोकायचा. म्हणजे कामाच्या वेळी या माणसाचं तोंड खिळ्यांनी भरलेलं. बोलणार कसा? आणि एरवी तरी कुठे बोलायचे ते. लढाईत जबडा फुटला होता आणि वाकडाच सांधला गेला होता. शब्द डाव्या कोपऱ्यातून यायचे, ओल्या कापसातून गाळून आल्यासारखे. गिऱ्हाईक दोनदा ‘काय?’ म्हणालं की ते बोलायचं सोडून सरळ हातवारे करायचे.

सुनेनं हेडफोन काढला आणि कान भिंतीला लावला.

कानाच्या बाबतीत ती तिखट होती. जेवायला बसलं की दिवसभरातली सगळी गिऱ्हाईकं ती ताटाभोवती बसवायची. नाकात बोलणारे वकील, ‘तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे’वाले काका, प्रत्येक वाक्याला ‘असो’ म्हणून दुप्पट बोलणाऱ्या आजी. नवरा हसून हसून उचकी लागेपर्यंत ऐकायचा. सासरे ताटाकडे बघत ऐकायचे, आणि एखादी नक्कल नेमकी उतरली की मान न उचलता तिला ‘टेलिफोनबाई’ म्हणायचे. तेच तिचं बक्षीस.

तर भिंतीला कान लावल्यावर या टेलिफोनबाईला चार माणसं ऐकू आली. एकाचा आवाज फळ्यावर लिहिल्यासारखा, प्रत्येक अक्षराखाली रेघ ओढणारा. दुसरा आधी खोकायचा आणि मग बोलायचा. तिसरा जाडजूड, तोंडात घास असल्यासारखा. चौथा अगदी कोवळा, वाक्य संपायच्या आत लाजणारा. भाषा सासऱ्यांच्या मुलखातली, नदीपलीकडच्या डोंगरांतली. या घरात सून म्हणून आल्यापासून ती तिला तोडकीमोडकी कळायला लागली होती. ते काही गप्पा मारत नव्हते. एक बोलायचा, मग थांबायचे. दुसरा बोलायचा, पुन्हा थांबायचे. कोणीतरी लांबून हाका मारतंय आणि हे ओ देतायत, असं काहीतरी.

आणि या सगळ्याच्या मधूनमधून हातोडी चालूच होती. टक. टक.

तिनं जाऊन दार ढकललं. आवाज दिव्याचं बटण दाबल्यासारखे बंद झाले. सासरे स्टुलावर, पुढ्यात उलटी टाकलेली आरामखुर्ची, ओठांतून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. त्यांनी खिळे तळहातावर काढून घेतले आणि भुवयांनीच विचारलं, काय? तिनं आपलं चहा ठेवू का म्हणून विचारलं आणि परत फिरली. तिला सारखं वाटत राहिलं की खोलीतल्या बाकीच्या खुर्च्यांवरून कोणीतरी नुकतंच उठून गेलंय.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, आई असती तर तिनंच तुला शिकवून ठेवलं असतं. आई म्हणायची, दुकानाचं दार आधी वाजवावं आणि मग जरा थांबावं. त्यांना आवरायला वेळ लागतो. ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे लहानपणी त्यानं विचारलं नव्हतं. शाळेत पोरं त्याला वेगळंच विचारायची, की तुमच्या लोकांतले चौघं शत्रूला जाऊन मिळाले आणि तुझा बाप तेवढा मागे कसा राहिला? त्याला पळता येत नव्हतं का? घरी येऊन हे सांगायची सोय नव्हती. म्हणून त्यानं बापाला लढाईबद्दल कधी काही विचारलंच नाही, आणि बापानं कधी सांगितलं नाही. दोघांचं मस्त चाललं होतं, बोळ्यानं दूध पिणाऱ्यांसारखं.

पुढच्या आठवड्यात सैन्यातली एक कॅप्टन आली. वयानं सुनेएवढीच, पण बोलायची अशी की प्रत्येक शब्दाला उभं करून सलाम ठोकायला लावावा. सासऱ्यांसमोर ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिनं काम सांगितलं. ज्या कमांडो तुकडीत सासरे होते, त्या तुकडीच्या तळावर एक दगडी भिंत उभी राहत होती. तुकडी स्थापन झाल्यापासून कामी आलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. त्यात चार नावं नव्हती. ते चौघं कागदोपत्री बेपत्ता होते, आणि नदीपलीकडच्या माणसाला बेपत्ता म्हटलं की लोक काय समजायचं ते समजतात. नदीपलीकडे पुढे सरहद्द, आणि सरहद्दीपलीकडे त्यांचेच मामे-मावस भाऊ.

पण कॅप्टनला तळाच्या कोठारात रेडिओच्या जुन्या टेपा सापडल्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी तळावरून या पाचही जणांना हाका गेल्या होत्या आणि त्या चौघांनीही ओ दिली होती. दुपारी मदत पोचली, तेव्हा तिथे एकटे सासरे सापडले. मग उरलेले चौघं मधल्या वेळात गेले कुठे? सासऱ्यांनी इस्पितळात लिहून दिलं होतं, की ते कुठेही गेले नाहीत, आधीच मेले होते, त्यांच्या नावानं ओ मी देत होतो. त्या वेळच्या अधिकाऱ्यानं ते वाचून म्हटलं होतं की एक माणूस चार तोंडांनी बोलतो ही भुताची गोष्ट झाली, हा आपल्या माणसांना पाठीशी घालतोय.

कॅप्टनचं म्हणणं, गोष्ट भुताची आहे की खरी, ते तपासून बघू. टेप आधी तुम्हाला ऐकवणार नाही. नावं ठरवणाऱ्या समितीसमोर या, आम्ही हाका मारू, तुम्ही ओ द्या, मग टेप लावू. जुळलं तर चार नावं भिंतीवर. नाही जुळलं तर पाथरवट या महिनाअखेर छिन्नी ठेवून देतोय, मग कधीच नाही.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या कोपऱ्यातून म्हणाले, “नाही जमायचं.”

कॅप्टन तारीख सांगून गेली. सून मात्र दारातच उभी राहिली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं आणि यांनी कडी लावून घेतली, याला म्हणायचं काय? ती म्हणालीच तसं. सासऱ्यांनी तिला बसायची खूण केली. मग तो मुलखाचा घुम्या माणूस, वाकड्या जबड्यानं, थांबत थांबत, बोलायला लागला.

घुम्या हे तर त्यांचं नावच होतं. तुकडीत रेडिओवर खरी नावं घ्यायची नसत, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. नदीपलीकडची पोरं त्या तुकडीत त्याआधी कोणी घेतलीच नव्हती. हे पाच पहिले, आणि तेही ‘बघू या टिकतात का’ म्हणून. इतरांनी पाठीवर एक पोतं घेऊन डोंगर चढायचा तर यांच्या पोत्यात कवायत घेणारा उस्ताद दोन दगड जास्त टाकायचा आणि म्हणायचा, तुम्ही काय, डोंगरातलेच, तुम्हाला सवय. जेवणाच्या रांगेत कोणीतरी विचारायचं की तुमच्या भाषेत बोकडाला काय म्हणतात, आणि यांनी सांगितलं की सगळे मिळून त्या शब्दानंच यांना हाका मारायचे. पाचही जणांनी हे सगळं गिळलं आणि दगडांसकट सगळ्यांच्या आधी वर पोचले. त्यातला एक गावी शाळेत शिकवायचा, तो मास्तर. एकाला बारमाही खोकला, तो खोकल्या. एक भोपळा, त्याचं कारण कोणी विचारू नये. एक लग्नाची हळद अंगावर ओली असतानाच आलेला, तो नवरदेव. आणि हा घुम्या.

नकला सुरू झाल्या त्या झोपेपायी. सकाळच्या हजेरीला एखाद्याचा डोळा उघडला नाही की शेजारच्यानं त्याच्या आवाजात ‘हजर’ म्हणायचं. उस्तादाला ही भाषाही सारखीच वाटायची आणि ही तोंडंही. तेव्हा म्हटलं, घ्या मग. पाचही जण एकमेकांच्या आवाजात तरबेज झाले. फक्त मास्तरला घुम्या जमेना. घुम्याच्या आवाजात ओ द्यायची म्हटली की त्याला आधी फिस्सकन हसू यायचं, आणि मग सगळेच पकडले जायचे. त्यापायी पाचही जणांनी पोती घेऊन मैदानाला किती फेऱ्या घातल्या असतील, त्याला गणती नाही. पण नियम ठरला तो ठरला. आपल्या माणसाची हाक रिकामी जाऊ द्यायची नाही.

मग ती बर्फातली चौकी. पाच जण, आणि खाली दरीत शत्रू, यांचा रेडिओ ऐकत बसलेला. तळावरून सकाळ-संध्याकाळ हाका यायच्या. पहिल्याच दिवशी मास्तर गेला. वर पाचाचे चारच उरले हे शत्रूला कळून चालणार नव्हतं, आणि शत्रूला न कळवता तळाला कळवायची काही सोय नव्हती. संध्याकाळी हाक आली, “मास्तर?” कोणी काही ठरवलं नव्हतं. घुम्याच्या तोंडून मास्तर बोलला. मग खोकल्या गेला. मग भोपळा. शेवटी नवरदेव. प्रत्येक वेळी हाका पाच यायच्या आणि ओ पाच जायच्या. शेवटी तर वर एकटा घुम्या, पण दरीतल्यांना वाटायचं, वर पाच जण आहेत, आणि मजेत आहेत.

“शेवटच्या सकाळीही दिली,” सासरे म्हणाले. “चौघांची. मग गोळा पडला. जबडा गेला. आणि तेव्हाच माझी हाक आली.”

तोंडात रक्त आणि बर्फ. स्वतःचं नाव ऐकू येत होतं आणि जीभ कुठे आहे ते कळत नव्हतं. चौघांच्या हाका त्यांनी राखल्या, आणि स्वतःची तेवढी रिकामी गेली. त्यानंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं. गोळ्यानं वरची सगळी बर्फाची दरड खाली आली होती आणि चौघांची प्रेतं तिच्याखाली कायमची गेली होती. शोधायला आलेल्यांना नुसतं पांढरं दिसलं.

सुनेनं विचारलं, मग हेच जाऊन सांगायला अडचण काय आहे?

सासरे आरामखुर्चीच्या उसवलेल्या पाठीवरून बोट फिरवत राहिले.

“ते इथेच असतात,” ते म्हणाले. “मी बोलतो की ते बोलतात, ते मी कधी बघायला गेलो नाही. तिथे जाऊन मी दाखवून दिलं की हे सगळं मीच होतो, तर मग ते कुठे राहायचे?”

सुनेला एवढंच जाणवलं की दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं त्या दोघांकडे वळलेली आहेत. त्या तशा कोणी लावल्या होत्या, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे तिघं गप्प होते. एकटा कोवळा आवाज बोलत होता आणि या वेळी तो ओ देत नव्हता, विचारत होता. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, आणि ते सुनेला कळण्याइतकं सोपं होतं. “तिला काय सांगितलं?” सुनेनं एका गिऱ्हाइकाला होल्डवर टाकलं, मग दुसऱ्याला. नवरदेवाची बायको डोंगरात अजून होती, हे तिनं नवऱ्याकडून ऐकलं होतं. तिला विधवा म्हणून कोणी सांत्वन केलं नाही आणि सवाष्ण म्हणून कोणी बोलावलं नाही. पळपुट्याची बायको एवढीच तिची ओळख. “तिला काय सांगितलं?” आवाज रागावलेला नव्हता. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

हातोडी थांबली. दुकानाचं दार उघडलं आणि सासरे बाहेर आले. तोंडातले खिळे अजून तोंडातच होते. ते त्यांनी ओंजळीत काढले.

“टेलिफोनबाई,” म्हणाले, “त्या तारखेला सुट्टी काढ.”

समितीची खोली म्हणजे सरकारी खोली. भिंतीला ओल, खिडकीला कोंबलेला एसी दम लागल्यासारखा घुरघुरतोय, आणि एका बाजूला रिकाम्या खुर्च्यांची रांग. सासऱ्यांनी बसायच्या आधी खुर्चीची बैठक अंगठ्यानं दाबून पाहिली आणि सुनेच्या कानात पुटपुटले, की फोम आहे, आणि तोही उलटा घातलाय. सुनेला जरा धीर आला.

टेबलापलीकडे कॅप्टन आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले मोठे अधिकारी, पांढऱ्या मिशा, आवाज असा की समोरच्याला आपोआप ताठ बसावंसं वाटावं. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की या प्रकरणात त्यांचं मत ठरलेलं आहे. त्या दिवसांत तळावर रेडिओशी तेच बसत. तेव्हा ते नवे लेफ्टनंट होते. हाका त्यांनीच मारल्या होत्या आणि ओ त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. ती चार वेगवेगळी माणसं होती, जिवंत, धडधाकट. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण स्वतःच्या कानांना तरी खोटं कसं पाडू?

कॅप्टन म्हणाली, मग सर, हाका तुम्हीच मारा.

अध्यक्षांनी घसा साफ केला. सासरे हात मांडीवर ठेवून बसले होते. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे.

“मास्तर?”

“हजर. आणि वेळेवर.”

हा आवाज सुनेनं भिंतीतून शंभरदा ऐकला होता, पण मध्ये भिंत असताना. आता मध्ये काहीच नव्हतं. सासऱ्यांचा वाकडा जबडा हललाही नव्हता म्हणावं इतका कमी हलला होता, आणि शब्द मात्र अखंड, स्वच्छ, प्रत्येकाखाली रेघ ओढलेले. ओल्या कापसाचा मागमूस नव्हता. आणि तिचा तिखट कान तिला सांगत होता की आवाज सासऱ्यांच्या तोंडातून आला नाही. तो त्या रिकाम्या खुर्च्यांकडून आला. तिनं तिकडे बघायचं टाळलं.

“खोकल्या?”

आधी खोकला. कोरडा, छातीच्या तळातून वर चढणारा. मग, “हजर. अजून आहे.”

अध्यक्षांची मिशी थरथरली. पुढची हाक त्यांनी मारली तेव्हा त्यांच्या आवाजातले मोठे अधिकारी कुठेतरी उतरून गेले होते.

“भोपळा?”

“हजर. जेवण कधी पाठवताय?”

“पाठवतो रे, हवा सुधारू दे,” अध्यक्ष म्हणाले. म्हणाले, आणि स्वतःच दचकले. ते उत्तर एका तरुण लेफ्टनंटचं होतं. कॅप्टननं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला, पण त्यांनी तो घेतला नाही.

नवरदेवाची हाक त्यांनी हळूच मारली, झोपलेल्याला उठवावं तशी.

“हजर,” कोवळा आवाज लाजत म्हणाला. आणि एवढ्यावर थांबला.

सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. सुनेनं रुमाल पुढे केला, तेव्हा त्यांनी तो घेऊन नुसता मुठीत धरून ठेवला.

कॅप्टननं टेप लावली. खरखर, वाऱ्याची शिट्टी, आणि मग मघाचंच सगळं, जसंच्या तसं. तरुण आवाजातली हाक, आणि हजर, आणि वेळेवर. तोच खोकला. तेच जेवण, तेच ‘हवा सुधारू दे’. तोच लाजरा हजर. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले की आपण इतकी वर्षं एका माणसाचे चार करून बसलो होतो. त्यांनी पेन उघडलं. सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं.

पण टेप संपली नव्हती. कॅप्टननं ती बंद करायला बोट नेलं होतं, एवढ्यात लांब कुठेतरी स्फोट झाल्यासारखी गडगड ऐकू आली. खरखर वाढली. मग तरुण लेफ्टनंटचा आवाज, आता घाबरलेला.

“घुम्या? ... घुम्या?”

सुनेला पुढचं माहीत होतं. पुढे काही नव्हतं. पुढे तोंडात रक्त आणि बर्फ होतं.

टेपवर कोणीतरी फिस्सकन हसलं.

“हजर,” आवाज म्हणाला. घुम्याचा. जबडा फुटायच्या आधीचा, धड, तरुण घुम्या. पण जरासा चुकलेला. एखाद्यानं खूप मन लावून केलेल्या नकलेसारखा.

मग नुसता वारा.

खोलीत एसी तेवढा घुरघुरत होता. मुठीतला रुमाल सासऱ्यांनी इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. हे हसणं त्यांच्या लक्षात नव्हतं, किंवा त्यांनी ते लक्षात ठेवलं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं. तेही मुरलेले अधिकारी होते. त्या क्षणी वर दुसरं कोणी जिवंत असेल, तर आत्ताचा सगळा खेळ मोडत होता. एक जिवंत असेल तर चारही असू शकतात.

“हे तुम्हीच का?”

खरं काय ते सुनेला माहीत होतं. खरं सांगितलं तर भिंत कोरी राहणार होती. ती आयुष्यभर फोनवर लोकांना ‘तुमचं पार्सल वाटेत आहे’ म्हणून थापा मारत आली होती, पण हा माणूस? याला खुर्चीत चार खिळे कमी ठोकले तरी झोप येत नसे.

“मीच, साहेब,” सासरे डाव्या कोपऱ्यातून म्हणाले.

“आणि हसलात? तशा परिस्थितीत?”

“हसलो. आवरलं नाही.”

अध्यक्ष त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि सही केली. पेनचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. निघताना ते उठून उभे राहिले आणि एका खुर्चीवाल्याला त्यांनी असा सलाम ठोकला की कॅप्टनही दचकून ताठ झाली.

दोघं बसथांब्याच्या बाकावर येऊन बसली. बस आली, गेली. सुनेनं हात केला नाही.

“मास्तर होता,” शेवटी ते म्हणाले. “त्याला माझी नक्कल कधी जमलीच नाही. आधी हसणार, मग बोलणार.”

सून म्हणाली, “पण बाबा, मास्तर तर...”

“पहिल्याच दिवशी. डोळे मीच मिटले होते त्याचे.” त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मी समजत होतो, माझी हाक रिकामी गेली.”

त्यांच्या वाकड्या जबड्याला जे झालं, ते हसणं होतं की रडणं, हे तिला इतक्या जवळ बसूनही सांगता आलं नसतं. दुपारचं ऊन रस्त्यावर सपाट पडलं होतं. भरदिवसा, माणसांच्या वर्दळीत, तिच्या अंगावर काटा येत होता आणि तो काही केल्या बसत नव्हता.

नावं कोरली गेली. कॅप्टननं फोटो पाठवला. चौघांची खरी नावं सुनेनं पहिल्यांदाच पाहिली आणि ती तिला परक्यांची वाटली. नवरदेवाच्या बायकोकडे तुकडीचे दोन अधिकारी गणवेशात जाऊन आले. तिनं त्यांना दारातच उभं करून एवढंच विचारलं, की त्याला थंडी वाजली का? असं कॅप्टन फोनवर म्हणाली, आणि तेवढं सांगताना तिचे शब्द सलाम ठोकायचे विसरले.

दुकान मात्र गप्प झालं. भिंतीपलीकडे नुसती हातोडी. टक, आणि बराच वेळ काही नाही, आणि टक. गिऱ्हाइकांनी सुनेचं कौतुक केलं की आता तुमच्याकडे किती शांत असतं. ती हो म्हणायची आणि हेडफोनचा आवाज वाढवायची. दार वाजवून थांबायची सवय तिनं सोडली नाही, पण आत आवरायला कोणी उरलं नव्हतं. सासरे उगीचच उपऱ्यासारखे आपल्याच दुकानात बसलेले दिसायचे. खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे. एकदा त्यांनी तिला न विचारताच सांगितलं, की वाईट वाटत नाही, त्यांना जायला हवंच होतं. आणि मग जरा थांबून, की आता हाक आली तर पंचाईत आहे.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांना ताप भरला. सून काम आटोपून त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेली, तेवढ्यात रस्त्यावरून सलूनवाल्यानं हाळी दिली. त्याची फिरती खुर्ची दोन आठवडे दुकानात पडून होती आणि तो गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवून भादरत होता. “काका, झाली का हो खुर्ची?”

सासऱ्यांनी उशीवरून मान उचलली. तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा हवाच. मग ते कानोसा घेत राहिले. कशाचा, ते सुनेला कळलं. बाहेरून पुन्हा हाळी आली. “काका? आहात ना?” खोलीत, दुकानात, अख्ख्या घरात कोणी काही बोललं नाही.

तिनं ठरवलं असं नाही. ती खिडकीशी गेली, तोंड एका बाजूला ओढलं, आणि ओल्या कापसातून गाळावं तसं ओरडली, “आहे रे! परवा ये, परवा!”

“बरं काका,” सलूनवाला म्हणाला आणि शीळ घालत गेला.

सून तशीच खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. जेवताना करायच्या नकला वेगळ्या, आणि आजारी माणसाच्या उशाशी त्याचाच आवाज काढायचा म्हणजे भलतंच. तिनं हळूच वळून पाहिलं. सासरे तिच्याकडे टक लावून बघत होते. तापानं डोळे तांबारले होते.

“जबडा एवढा उघडायचा नाही,” ते कसेबसे पुटपुटले. “माझं सगळं डावीकडून येतं. म्हण पुन्हा.”

तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बोटानंच खूण केली, की आणखी एकदा.